सात पंचवीसचा ताप

एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून माझी एकोणतीस वर्षं झाली आणि या एकोणतीस वर्षांत दिवाळीचा एकही दिवस मी घरी काढलेला नाही. लोकांनी दिवाळीला घरी पोचावं म्हणून जादा गाड्या सुटतात आणि त्या सोडायला आम्ही लागतो. घरोघरी अभ्यंगस्नानं चाललेली असायची तेव्हा मी विट्याच्या स्टँडवर खिडकीत बसून, पुण्याची गाडी कराडला किती वेळ अडकलीय ते फोनवर विचारत असायचे. माझी मुलगी गार्गी लहानपणी शेजाऱ्यांना सांगायची की आमची आई दिवाळीत गावाला जाते. यंदा, म्हणजे दोन हजार एक्केचाळीस साली, मला पहिल्यांदा दिवाळीची सुटी मिळाली. ती अंडाशयाच्या कॅन्सरमुळे मिळाली.

घरी बसून काय करायचं असतं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. आमची कॉलनी स्टँडच्या मागच्या अंगाला. आता गाड्या विजेवर चालतात, घोषणा यंत्र करतं, आणि ते यंत्र सांगलीची गाडी लागली तरी पाच मिनिटं आटपाडीचंच पुराण लावून बसतं. मी गॅलरीतून ते ऐकायचे, चिडायचे, आत यायचे, भांडी लावायचे, परत गॅलरीत. माझे यजमान सुहास हायस्कुलात चित्रकला शिकवतात. मनाने मऊ माणूस. ते म्हणायचे, हेमा, पाच मिनिटं टेक की. मी टेकायचे आणि चौथ्या मिनिटाला उठायचे. यात थोडा माझा स्वभाव होता आणि बराचसा चहा.

चहाचं नीट सांगायला हवं, कारण माझं औषध म्हणजे चहाच होता.

केमोच्या दोन फेऱ्या वाया गेल्यावर मिरजेच्या हॉस्पिटलात डॉक्टर मुजावर मॅडमनी माझ्या रक्तातल्या टी-पेशी काढून घेतल्या. बाहेरून आलेल्या जंतूंशी लढणाऱ्या या पेशी. कॅन्सर आपल्याच घरातला, म्हणून त्या त्याला ओळखत नाहीत. प्रयोगशाळेत पाच आठवडे ठेवून त्यांच्या जनुकांत बदल केला आणि त्या परत माझ्या अंगात सोडल्या. बदल असा, की गाठ ओळखणारा एक भाग प्रत्येक पेशीवर बसवला, पण दोन तुकड्यांत. तुकडे सुटे आहेत तोवर पेशीला काही दिसत नाही. चहात जे कॅफीन असतं त्याचा रेणू या दोन तुकड्यांच्या मधे बरोबर बसतो आणि ते जोडले जातात. मग पेशीला गाठ दिसते आणि ती तिच्यावर तुटून पडते. शरीर दिवसभरात कॅफीन मोडून काढतं, तुकडे पुन्हा सुटतात, पेशी झोपतात. म्हणजे औषधाला बटण आहे. ताप हाताबाहेर जातोय असं वाटलं तर दुसऱ्या दिवशी चहा द्यायचा नाही. मी मॅडमना विचारलं होतं, चहाच का? त्या म्हणाल्या की कुणाला अपाय न करणारं आणि प्रत्येक घरात असणारं बटण आम्हाला हवं होतं.

रोज सकाळी मोजून भरलेली एक पुडी, एक कप. बेचाळीस दिवस, बेचाळीस पुड्या. त्याखेरीज चहा, कॉफी, चॉकलेट सगळं बंद. दर सोमवारी मिरजेला रक्त तपासायचं, फक्त दिवाळीचा सोमवार त्यांनी माफ केला होता. आणि एक अट. या पेशी अंगात कायमच्या ठाण मांडून बसू नयेत म्हणून, त्यांना काम मिळालं नाही तर तीन दिवसांनंतर त्या आपोआप मरायला लागतील अशी सोय केलेली होती. एखादा दिवस चुकला तर घाबरू नका, पण सलग चुकवू नका, असं मॅडम म्हणाल्या. माझं रक्त केमोने इतकं दमलं होतं की पेशींची दुसरी खेप बनणार नव्हती. मी ते पत्रक पान न पान वाचून सही केली. सुहास शेजारीच होते. त्यांच्या कानात "घाबरू नका" एवढंच शिरलं असावं.

पेशी कामाला लागल्या की अंगात रसायनांचा आरडाओरडा होतो आणि ताप भरतो. ताप येणं ही चांगली खूण. मी एका जुन्या वहीत वेळा लिहायला लागले, सवयच ती. सहा दहाला चहा. सात पंचवीसला हुडहुडी. आठ चाळीसला एकशे दोन. अकराला घाम येऊन ताप उतरला. एकोणीस दिवस झाले, दोन-पाच मिनिटांपलीकडे फरक नाही. इतकी वेळेवर आमच्या आगाराची एक गाडी कधी आली नाही. ताप उतरला तरी आतली तगमग दिवसभर राहायची. बसवायचं नाही, झोप यायची नाही, कुणी हळू बोललं तरी राग यायचा आणि मोठ्याने बोललं तरी यायचा.

तो चहा सुहास करायचे. लग्न झाल्यापासून आमच्या घरात चहा त्यांच्याकडेच आहे. मी पहाटेच्या ड्युटीला निघाले की आलं ठेचून, दूध वेगळं तापवून थर्मास भरून द्यायचे. आगारातले ड्रायव्हर त्या थर्मासवर डोळा ठेवून असायचे. आता तेच हात सकाळी मला कप द्यायचे आणि सव्वा तासाने तीन गोधड्या घेऊन यायचे. कप देताना ते माझ्याकडे बघत नसत, खिडकीकडे बघत. ते मला दिसत होतं, पण माझंच मला इतकं झालेलं, त्यांचं कुठे घेऊन बसू?

धनत्रयोदशीला सकाळी गार्गी आली. ती कोइमतूरला पवनचक्क्यांच्या कंपनीत आहे. फोनवर मी तिला ताप जरासा येतो म्हणून सांगितलं होतं. तिची गाडी सातला यायची, ती आली सात वीसला. पिशव्या ठेवून माझ्या गळ्यात पडली आणि पाच मिनिटांत माझे दात वाजायला लागले. पलंग हलत होता. मी तिला म्हणत होते, काही नाही, चांगली खूण आहे, पण जबडा धड हलत नव्हता आणि तिला शब्द कळेनात. तिने माझे पाय धरून ठेवले. मग ती उठून न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता.

दुसऱ्या दिवशी नरक चतुर्दशी. सहा दहाला चहा घेतला. सात पंचवीसला मी गोधडी ओढून तयार बसले. साडेसात झाले. पावणेआठ झाले. काहीच नाही. आठ वाजता गार्गीने मला उटणं लावलं, माझ्या डोक्यावर उरलेल्या चार केसांना तेल लावलं, कढत पाणी घातलं. मी पाटावर बसून मुलीकडून न्हाऊन घेत होते आणि मला अंग हलकं वाटत होतं. नंतर मी चिवड्याची बशी घेऊन खुर्चीत बसले ते तासभर उठले नाही. गार्गी म्हणाली, "आई, तू बसलीयस." आम्ही तिघंही हसलो. सुहास सगळ्यांत जास्त हसले.

वहीत मी सात पंचवीससमोर रेघ ओढली. औषध अंगवळणी पडलं असेल, असं मनाला सांगितलं.

लक्ष्मीपूजनाला परत रेघ. त्या दिवशी माझी नणंद उज्ज्वलाताई फराळाला आल्या. आमच्या घरात चहा मिळत नाही हे त्यांना तीन वेळा सांगून झालंय, तरी त्या कप येईल म्हणून स्वयंपाकघराकडे बघत बसतात. यंदा सुहासनी त्यांना गवती चहा पाजला, तर त्यांनी एक घोट घेऊन सांगितलं की याला काढा म्हणतात. मी पोट धरून हसले. दुपारी पूजेची तयारी व्हायच्या आधी जरा आडवी झाले, आणि मला झोप लागली. गाढ, दोन तास.

जाग आली तेव्हा गार्गी माझ्या शेजारीच पसरली होती, तिचा हात माझ्या पोटावर. लहानपणी ती अशी झोपायची म्हणे. म्हणे, कारण मी बघितलेलं नाही, मी ड्युटीवर असायचे. मी छताकडे बघत पडून राहिले आणि तेव्हाच मला कळलं. सकाळी मोजून कॅफीन घेतलेल्या बाईला दुपारी दोन तास झोप लागत नाही. ताप नाही, तगमग नाही, झोप मात्र लागते. कपात चहा नव्हता.

गाडी वेळेला आली नाही की अर्ध्या तासाच्या आत फोन फिरवायचा, कुठे आहे ते विचारायचं. एकोणतीस वर्षांत मी एकदाही याला चुकलेले नाही. आणि त्या दुपारी मी फोन फिरवला नाही. उठून स्वयंपाकघरात जायचं आणि एक प्रश्न विचारायचा, एवढंच होतं. पण गार्गीचा हात पोटावर होता, बाहेर सुहास रांगोळीत रंग भरत गुणगुणत होते, आणि मी स्वस्थ पडले होते. मला ते हवं होतं. उद्या विचारू, म्हटलं.

पाडव्याला पहाटे डोळा उघडला तो हिशेब मांडतच. धनत्रयोदशीचा सहा दहाचा खरा चहा, त्यानंतर चोवीस, अठ्ठेचाळीस, आणि आज सहा दहाला बहात्तर तास. सुहासनी कप आणून दिला आणि खिडकीकडे बघितलं. मी कप तसाच खाली ठेवला.

पाडव्याला आमच्याकडे बायको नवऱ्याला तेल लावते, अंघोळ झाली की ओवाळते. ते पाटावर उघडे बसले. मी त्यांच्या पाठीला तेल लावायला घेतलं. चेहरा दिसत नव्हता तेच बरं होतं.

"अहो," मी म्हटलं, "चहात काय घालता?"

पाठ ताठ झाली. मग पुढे बघूनच बोलले.

"कॅफीन काढलेली पावडर मिळते सांगलीला. त्या दिवशी गार्गी तोंडात टॉवेल कोंबून रडत होती, हेमा. मी दाराबाहेर उभा होतो. मला वाटलं, चार दिवस. पुड्या मी टाकल्या नाहीत, जपून ठेवल्यात. बेचाळीस त्या बेचाळीस होणारच, फक्त चार दिवस पुढे."

म्हणजे प्रवासात मोडलेला सोमवारचा उपवास पुढच्या सोमवारी धरावा, तसं त्यांनी माझं औषध दिवाळीनंतर भरून काढायचं ठरवलं होतं. सासूबाईंच्या घरात सगळ्याच गोष्टी अशा भरून निघायच्या.

मला इतका राग आला की तेलाची वाटी हातातून सुटली. मी त्यांना तीन दिवसांचा अर्थ सांगितला. सगळा, पेशींच्या मरण्यापर्यंत, दुसरी खेप नाही इथपर्यंत. तुम्हाला दिवाळी गोड हवी होती, म्हणून तुम्ही माझं जगणं परस्पर उचलून ठेवलंत, असंही म्हणाले. ते वळले. चेहरा पांढराफटक पडला होता. मॅडम म्हणाल्या होत्या घाबरू नका, एवढंच ते दोनदा पुटपुटले.

गार्गी दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बापावर तुटून पडणार असं दिसलं, आणि मला ते ऐकवलं नसतं, कारण ते अर्धंच खरं होतं.

"मला काल दुपारीच कळलं होतं," मी म्हणाले. "मी विचारलं नाही."

गार्गीने माझ्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी कधी विसरणार नाही. का, असं तिने विचारलं. तू झोपली होतीस म्हणून, हे मला सांगता आलं नाही. तिने ओळखलं की काय कोण जाणे, पण ती फोन लावायला गेली.

डॉक्टर मुजावर ड्युटीवरच होत्या. दुसऱ्यांच्या सणाला ड्युटी त्या घेतात, त्यांच्या सणाला दुसरे. त्या रागावल्या नाहीत, आवाज फक्त सपाट झाला. आत्ताच्या आत्ता एक पूर्ण पुडी घ्या म्हणाल्या. मरायला लागतात म्हणजे सगळ्या एका क्षणी मरत नाहीत, काही तग धरतात. किती उरल्यात ते उद्या रक्त तपासून कळेल. आज घरच्या घरी एकच परीक्षा, ताप. दोन तासांत ताप आला तर पेशी आहेत. गार्गीने विचारलं, आणि नाही आला तर? उद्या या, मग बोलू, असं त्या म्हणाल्या.

सुहास गार्गीला म्हणाले, चहा तू कर.

"नाही," मी म्हटलं. "चहा तुम्हीच करायचा. पुडी माझ्यासमोर फोडायची. आणि कप देताना माझ्याकडे बघायचं."

त्यांनी केला. आलं ठेचायला गेले, तर मी नको म्हटलं. सहा पंचावन्नला कप माझ्या हातात आला आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे वाहत होते, पण नजर हलवली नाही. मी घोटाघोटाने सगळा चहा संपवला.

सव्वा तास म्हणजे आठ दहा. आम्ही तिघं हॉलमध्ये बसलो. बसलो म्हणजे ते दोघं बसले, मी येरझारा घालत होते. छाती धडधडत होती, पण ते कॅफीन, त्यावरून काही कळत नाही. स्टँडवरचं यंत्र कोल्हापूरची गाडी लावत होतं. शेजारच्या पाटीलवहिनी फराळाचं ताट देऊन गेल्या, पाडव्याच्या शुभेच्छा दिल्या, आम्ही तिघं एकदम हसलो आणि दार लावलं. आठ दहा झाले. मी उभी राहिले. नखं बघितली, हुडहुडीत पडतात तशी निळी नव्हती. आठ वीस. गार्गी म्हणाली, पेशी कमी उरल्या असतील तर वेळ लागेल ना? मी हो म्हटलं. आठ तीस. सुहास तीन गोधड्या मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना कापरं भरलं होतं, मला नव्हतं. मला माझ्याच अंगाचा इतका राग कधी आला नव्हता. एकोणीस दिवस ज्या तापाला शिव्या घातल्या, त्याच्यासाठी मी मनातल्या मनात हात जोडत होते. आठ चाळीसला मी खुर्चीत बसले, आणि बसवलं गेलं म्हणून परत घाबरून उठले.

आठ सत्तेचाळीसला पाठीच्या कण्यात काहीतरी सरकलं. पंख्याचा वारा असेल, म्हणून मी वर बघितलं. पंखा बंद होता. मग खांद्यांवर काटा आला, आणि खालचा दात वरच्यावर एकदा वाजला.

गार्गीने तो आवाज ऐकला. तिने मला मिठी मारली ती सोडेना. सुहासनी गोधड्या टाकल्या आणि थर्मामीटर लावला. नव्व्याण्णव. दहा मिनिटांनी शंभर. चढ की अजून, असं ते हलक्या आवाजात म्हणाले. कपाळावरचा त्यांचा हात पूर्वी ताप उतरायची वाट बघायचा, आज तो चढायची वाट बघत होता. शंभर पॉइंट सहाला आकडा थांबला, एकशे दोनवर गेला नाही. म्हणजे काही पेशी गेल्या आणि काही राहिल्या. किती गेल्या हे उद्या मिरजेला कळणार होतं, आणि ते ऐकायला आम्हा दोघांनाही जायचं होतं.

राग गेला नव्हता, त्यांच्यावरचाही नाही आणि स्वतःवरचाही नाही. तरी मी गार्गीला निरांजन लावून आणायला सांगितलं. ते नको नको म्हणत होते, पडून राहा म्हणत होते. मी गोधडीतूनच त्यांना कुंकू लावलं, ते नाकावर सांडलं. ताम्हण हातात घेतलं तर हात इतका कापत होता की ज्योत एका जागी राहीना. गार्गीने खालून ताम्हणाला हात लावला आणि आम्ही दोघींनी मिळून त्यांना ओवाळलं.

ते खिसे चाचपत होते. ताम्हणात घालायला त्यांनी काही आणलं नव्हतं.

"काय घालू, हेमा?"

"उद्या सहा दहाला," मी म्हणाले. दात वाजत होते, पण शब्द नीट आले. "पूर्ण पुडी."